मोर्तब बदलण्याची वेळ

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांची दप्तरं आहेत. जुनं राजपत्र पाहताना माझी नजर आधी शेवटाकडे जाते. वर मुद्रा, मग मजकूर, आणि मजकूर संपतो तिथे खेटून एक छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी अक्षरही घुसडू नये, एवढंच त्याचं काम. कागद लांबलचक असेल तर दोन तावांच्या जोडावर मागून शिक्का उठवत. मधला ताव कुणी बदललाच, तर शिक्क्याची दोन अर्धी जुळत नाहीत.

बिटकॉइन समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचं टिपण प्रसिद्ध झालं आणि जानेवारी २००९मध्ये हे चलन सुरू झालं. त्याच्या हिशेबवहीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. तो जोडावरचा शिक्का. पैसे देताना केलेली डिजिटल सही हे मोर्तब. अशा चलनांना ‘क्रिप्टो’, म्हणजे गुप्त, म्हणत असले तरी ही वही साऱ्या जगाला उघडी आहे. नाणं कुणाचं, हे फक्त सही ठरवते. म्हणून या चलनाचं भवितव्य बाजारभावापेक्षा सहीच्या गणितावर अवलंबून आहे.

ही सही होते कशी? मालकाकडे २५६ बिटांचा एक गुप्त आकडा असतो, ती त्याची खासगी किल्ली. इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्रावर एक ठरलेला बिंदू घ्यायचा आणि स्वतःमध्येच तितक्या वेळा मिळवायचा. उत्तर येतं ती सार्वजनिक किल्ली. साधा मोबाइलही हे गणित क्षणात करतो. उत्तरावरून मूळ आकडा शोधायला मात्र आजचे सगळे संगणक जुंपले तरी पुरत नाहीत. आपल्याकडच्या गुऱ्हाळासारखंच आहे हे. काहिलीत उसाचा गूळ होतो, गुळाचा ऊस होत नाही. नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी १९८५मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही वाट सुचवली.

फरक एवढाच, की वक्रावरून मागे फिरण्याची सोपी वाट नाहीच, हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट १९९४मध्ये पीटर शोर यांनी ती वाट दाखवली. अट एकच, संगणक क्वांटम हवा. २०१७च्या एका हिशेबानुसार ही सही फोडायला सुमारे २,३३० निर्दोष क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे बिट, लागतील. गूगलच्या डिसेंबर २०२४मधल्या विलो चिपवर क्युबिट १०५, आणि तेही चुका करणारे. म्हणजे धोका उद्याचा नाही. पण कुलूप बदलायलाही वर्षं लागतात.

नवं कुलूप तयार आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी क्वांटम संगणकालाही दाद न देणारी तीन मानकं जाहीर केली. त्यांतली दोन सह्यांची आहेत. अडचण आकाराची आहे. बिटकॉइनची आजची सही ७० बाइटच्या आसपास. नव्यांपैकी एकीची सर्वांत छोटी आवृत्तीसुद्धा २,४२० बाइटची, तर दुसरीची ७,८५६ बाइटची. सेकंदाला जेमतेम सात व्यवहार पेलणारी वही हे ओझं कुठे ठेवणार?

इथे कूटशास्त्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना कामी येते. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून बैलाचा भाव ठरतो. बघ्यांना आकडा कळत नाही. पण सौदा खरा झाला, याची खात्रीही त्यांना नसते. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५मध्ये मांडलेला ‘झीरो नॉलेज’ पुरावा उपरणं न उचलता ती खात्री देतो. त्यातूनच पुढे आलेल्या तंत्राने हजारो सह्या तपासल्याचा एकच आटोपशीर पुरावा वहीत ठेवता येतो. मोठ्या सह्यांवरचा हाच खरा उतारा, असं मला वाटतं.

तरी नवं ते भक्कम, असं मानू नये. ‘निस्ट’च्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोचलेली ‘साइक’ ही पद्धत २०२२मध्ये दोन संशोधकांनी साध्या संगणकावर तासाभरात फोडली.

सर्वांत अवघड प्रश्न जुन्या नाण्यांचा आहे. अंदाजे ११ लाख बिटकॉइन सातोशीचेच मानले जातात. त्यांच्या सार्वजनिक किल्ल्या वहीत उघड्या पडल्या आहेत आणि मालक कित्येक वर्षांत फिरकलेला नाही. नवे छत्रपती गादीवर आले की नवी मुद्रा चालू होई; इथे गादीच नाही, मग हुकूम काढणार कोण? मुदतीत सही न बदलणारी नाणी गोठवावीत, असा प्रस्ताव २०२५मध्ये आला. मालकाच्या सहीशिवाय नाणं हलत नाही, तसं अडतही नाही, हा या चलनाचा पाया. गोठवलं तर तो पायाच हलतो. पण नाही गोठवलं, तर नाणी पहिल्या क्वांटम चोराच्या हाती पडतील. पुरेशी मुदत देऊन गोठवणं मला कमी वाईट वाटतं.

आजच्या सह्या २०३५नंतर वापरू नयेत, असं ‘निस्ट’चा नोव्हेंबर २०२४चा मसुदा म्हणतो. तोवर कुणी ‘क्वांटमलाही न फुटणारं नाणं’ विकायला दारात आलं, तर भाव विचारण्याआधी एवढं विचारा: सही कोणती, आणि ती फोडायचा प्रयत्न आजवर कुणी कुणी केला?