फरक काय पडला?

तुमच्या घरी फ्रीजवरच्या डब्यात आजी-आजोबांच्या गोळ्या असतीलच. बीपीची, शुगरची, त्या ओळखीच्या. त्यात ‘डोनेपेझिल’ हे नाव दिसलं, तर पुढचं जरा नीट वाचा.

आमच्याकडे ती स्ट्रिप दोन वर्षांपूर्वी आली. आजोबा रोज सकाळी सदाशिव पेठेतून सारसबागेत फिरायला जायचे. एक दिवस येताना टिळक रोडवर थांबले आणि रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगता येईना. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या गडबडीनेही विसरायला होतं आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. आमच्या नशिबी ते नव्हतं. निदान झालं अल्झायमर.

मी तेव्हा एसवायला. मला वाटलं, गोळी सुरू झाली म्हणजे आजोबा पहिल्यासारखे होणार. मग रोज माझी तोंडी परीक्षा सुरू. ‘आजोबा, मी कोण?’ एकदा ते वैतागून म्हणाले, ‘का, तुला माहीत नाही?’ सगळे हसले. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. तुम्हीही हे करत असाल तर आजच थांबवा.

ही गोळी आठवणी परत आणत नाही. मेंदूतल्या पेशी निरोप पोचवायला असिटिलकोलिन नावाचं रसायन वापरतात. या आजारात ते बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. जे थोडं उरतं ते तोडणाऱ्या एन्झाइमला डोनेपेझिल अडवतं. म्हणजे टाकीत नवं पाणी येत नाही, फक्त नळाची गळती कमी होते. टाकी रिकामी होणं काही थांबत नाही. रिवास्टिग्मिन, गॅलँटामिन ही याच घराण्यातली. मेमँटिनचं काम वेगळं, ते बहुतेकदा पुढच्या टप्प्यावर देतात. डोनेपेझिलला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये, म्हणजे हे औषध आपल्यापेक्षा वयाने मोठं आहे!

सुरुवात ५ मिलिग्रॅमने होते, चार-सहा आठवड्यांनी गरज असेल तर १०. पहिल्या आठवड्यात आजोबांचं जेवण तुटलं, पोट बिघडलं. त्याहून वाईट होती ती स्वप्नं. रात्री तीनला उठून ‘गाडी चुकेल’ म्हणत चपला शोधायचे. आम्ही धरून चाललो की आजार वाढला. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी रात्रीची गोळी सकाळी द्यायला सांगितली आणि स्वप्नं कमी झाली. इतकं साधं होतं, पण आम्ही पंधरा दिवस विचारलंच नाही. या औषधाने नाडीही मंदावू शकते, म्हणून चक्कर आली तर वाट बघू नका. आणखी एक. सर्दी झाली की आपण मेडिकलमधून गोळी आणतो. त्यातल्या अनेकांत क्लोरफेनिरामिन असतं, ते नेमकं उलट्या दिशेने ओढतं. विचारल्याशिवाय देऊ नका.

आठ महिन्यांनी काकांनी विचारलं, ‘एवढे पैसे जातायत, फरक काय पडला?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद झाली. तीन आठवड्यांत आजोबांना शर्टाची बटणं लावता येईनात.

ब्रिटनमध्ये २९५ रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला होता, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. गोळी चालू ठेवलेले आणि थांबवलेले, दोन्ही गट खालीच गेले. चालू ठेवलेले कमी वेगाने. फरक असतो तो असा, न घडलेल्या गोष्टींत, म्हणून दिसत नाही. सगळ्यांनाच उपयोग होतो असंही नाही आणि कधी डॉक्टर स्वतःच ती थांबवतात. पण ते त्यांनी ठरवायचं. आमच्याकडे पुन्हा ५ पासून सुरू केली. बटणं हळूहळू जमली. पेपर वाचणं गेलं ते गेलंच.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) बघितला नसेल तर बघा. त्यात संस्कृतचे पंडित असलेले शास्त्री गाडीतून उतरून हत्तीच्या मागे चालू लागतात. ती भूमिका मोहन आगाशे यांची, आणि आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, बी. जे. मेडिकलला शिकवलेले. शास्त्रींच्या मुलीची ओढाताण पाहताना मला आई दिसत होती.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मधला अंदाज आहे. म्हणजे वर्गात तुम्ही एकटे नाही. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात, घरात तुम्ही असता. मोबाइलमध्ये रोज एक ओळ लिहा. नाव आठवलं का, हे नको. दाढी स्वतः केली का, जेवले किती, रात्री उठले का, हे लिहा. पुढच्या व्हिजिटला तेच दाखवा.

माझी कालची ओळ : ‘चहात साखर स्वतः घातली. दोनदा.’