फॅशनची पदवी : फोटो नको, शिक्का पाहा

रविवारी विहारात वंदना आटोपली आणि एक बांधव मुलीला घेऊन माझ्याजवळ आले. "जयभीम सर. पोरीला फॅशन डिझायनिंग करायचंय. उद्या पी.एफ. काढण्याचा अर्ज टाकतोय. जरा हे बघता का?" हातात गुळगुळीत माहितीपत्रक होते. आई घरी ब्लाऊज शिवते. तिच्याजवळ बसून पोर कटिंग शिकलेली.

माहितीपत्रक मी दोनदा वाचले. छान छान फोटो होते, परदेशी संस्थेचे नाव होते. पण पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे कुठेच नव्हते!

पालकांनो, पहिला प्रश्न हाच विचारा. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. १९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा तसे सांगतो. डिप्लोमा वाईट नाही. पण पदवीच्या भावात तो घेऊ नये.

'निफ्ट' ही केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था १९८६ साली निघाली. २००६ च्या कायद्याने ती स्वतःची पदवी देते. नवी मुंबईत खारघरला तिचे केंद्र आहे. डिझाईनची पदवी चार वर्षांची. बारावी कोणत्याही शाखेची चालते. अर्ज साधारण डिसेंबरच्या सुमारास निघतात. लेखी परीक्षेत चित्र आणि कल्पकता पाहतात, इंग्रजी-गणितही असते. त्यात निवड झाली की दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवावी लागते. हाताला काम माहीत असलेल्या आपल्या मुलींनी तिथे का घाबरावे?

फी मात्र लाखांत आहे. म्हणून कागदपत्रे आधी जमवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. निफ्टमध्ये १५ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आणि राज्याची स्वाधार योजना यांपैकी आपल्याला काय लागू होते, ते समाजकल्याण कार्यालयात आणि संस्थेत फी भरण्यापूर्वी विचारा, भरल्यावर नव्हे.

काही जण म्हणतील, फॅशन हे श्रीमंतांचे चोचले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितले होते, की ज्या लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती पद्धत सोडा. बायांनी लगेच नेसण्याची तऱ्हा बदलली. कपड्यात माणसाचा मान असतो, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

त्या बांधवांनी पी.एफ.चा अर्ज टाकला नाही. पोरगी रोज संध्याकाळी चित्रे काढते आहे. आईच्या मशीनशेजारीच तिने आपली वही मांडली आहे.