तोंडचं पाणी पळालं!

'सोनोग्राफीला चाललेय, हाफ डे हवाय,' असं माझ्या मैत्रिणीनं टीम लीडरला सांगितलं आणि अख्ख्या फ्लोअरवर कुजबुज सुरू. गोड बातमी? अहो, सोनोग्राफी जबड्याची होती!

सोबतीला मी गेले. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा तो नेहमीचा बोर्ड, बाकांवर सगळ्या पोटुशा बायका, मधे आम्ही दोघी. तिच्या हातात पाण्याची बाटली. गेली दोन वर्षं ती सुटलेलीच नाही. पोळी घशाखाली उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, दात एकामागून एक किडताहेत. सगळ्यांचं निदान एकच: एसी, कम्प्युटर, टेन्शन. (मीही तेच म्हणाले होते. सॉरी, यार!)

शेवटी एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना शंका आली, श्योग्रेन्स सिंड्रोमची. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. दहातले साधारण नऊ पेशंट म्हणजे बायकाच. टेनिसस्टार व्हीनस विल्यम्सनं २०११ मध्ये जाहीर केलेला आजार तो हाच.

टेस्ट एकदम सोपी. कानापुढे आणि जबड्याखाली थंडगार जेल लावून प्रोब फिरवतात. सुई नाही, रेडिएशन नाही. निरोगी ग्रंथी स्क्रीनवर एकसारखी करडी दिसते. हिच्या ग्रंथीत काळे ठिपके, आंबोळीला जाळी पडावी तसे! शून्य ते तीनपैकी ग्रेड दोन.

'म्हणजे आता ओठाची बायोप्सी टळली ना?' तिनं लगेच विचारलं. खरी भीती तिला त्याचीच होती.

नाही टळली. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत सोनोग्राफीला मार्कच नाहीत. रक्तातल्या अँटीबॉडीला तीन, बायोप्सीला तीन, कोरडेपणाच्या तिन्ही टेस्टना एकेक. पास व्हायला हवेत चार. निकष खरं तर संशोधनासाठीचे, पण डॉक्टर आधार त्यांचाच घेतात. हिची अँटीबॉडी निगेटिव्ह. मग फोटो कितीही बोलका असो, गणित जुळत नाही.

पण एवढा खटाटोप कशासाठी? तर थोड्या पेशंटना पुढे लिम्फोमा होऊ शकतो. आजार पक्का कळला, की लक्ष ठेवता येतं.

शुक्रवारी बायोप्सी आहे. टीम लीडरला तिनं या वेळी 'डेंटिस्ट' एवढंच सांगितलंय.