बोडीची जागा

मे महिन्यात गोंदियातल्या माझ्या जुन्या कॉलेजच्या फाटकावर गार्डनं अडवलं. "काकाजी, कोणाकडे काम आहे?" काम कोणाकडेच नव्हतं. चिंचेखाली घटकाभर बसायचं होतं. आत डोकावलो तर चिंचच नाही. पेव्हर ब्लॉक, त्यावर उन्हात तापलेल्या मोटारसायकली, आणि भिंतीवर पाटी: 'हरित परिसर'.

गोंदिया शिक्षण संस्था १९५८ ची. ऐंशीच्या दशकात विनाअनुदानित कॉलेजांचं पीक आलं. तो सगळा इतिहास गौरवग्रंथांत आहे, तिथंच राहू दे. माझा काळ नव्वदचा. आम्ही तेव्हा भंडारा जिल्ह्यातले. कॉलेजला कंपाउंड नव्हतं. आमगाव-सालेकशाची पोरं सकाळच्या गाडीनं यायची, तास बुडाला की चिंचेखाली डबे उघडायचे. वर्गांवर कवेलू, पुढे रुंद व्हरांडा. वीज गेली तरी पेपर लिहून व्हायचा. संध्याकाळी राइस मिलमधले हमाल मागच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, हातपाय धुवायला यायचे. ओळखपत्र कोण मागणार?

१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि जमिनीला भाव आला. बोडी मलब्यानं भरायला लागली. मी अर्ज घेऊन एका पदाधिकाऱ्याकडे गेलो. "डास होतात हो," एवढंच म्हणाले. अर्जाची पोच अजून माझ्याकडे आहे.

हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं असे तलाव बांधले की एकाचा सांडवा खालच्या तलावाला भरवी. आणि आहर-पाइन या बांध-पाटांच्या जुन्या पद्धतीवर पाणी साठवणारं विद्यापीठ उभं राहिलं कुठे, तर बिहारात! राजगीरच्या नालंदा विद्यापीठाच्या नव्या परिसराचं जून २०२४ मध्ये उद्घाटन झालं. आपल्याकडे हरित म्हणजे छतावर सौर पॅनेल आणि कुंडीतले पाम.

गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच घ्या. ते २०१६ पासून जुन्या रुग्णालयाच्या आधारानं चाललं. नव्या इमारतीची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. खाटा किती, हे सगळे विचारतात. रुग्णाच्या नातेवाइकानं भाकर कोणत्या सावलीत सोडायची, हे मला विचारायचं आहे.

पहिल्या पावसात पुन्हा कॉलेजवर गेलो. बरोबर बोडीच्या जागी गुडघाभर पाणी. गार्ड पाय वर घेऊन खुर्चीत बसला होता. या वेळी त्यानं काही विचारलं नाही.