यंत्रावर ३५ दिसतंय, पण टाकीत मीठ खरंच किती? खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांसाठी

बेळगाव : काचेच्या टाकीतलं पाणी आठवडाभरात दोन-चार बोटं खाली जातं. टाकी खाऱ्या पाण्याची, म्हणून घरातलं कुणीतरी मिठाचं पाणी तयार करून भर घालतं. टाकी पुन्हा पहिल्यासारखी दिसते. पण असं महिनाभर चाललं की आधी कोळंबी मरते, मग शंख काचेवरून गळून पडतात आणि शेवटी मासे कोपऱ्यात जाऊन जोरजोरात कल्ले हलवायला लागतात. पाणी स्वच्छ, फिल्टर चालू, खाणं वेळेवर. मग बिघडलं कुठं? तर मिठाच्या हिशोबात.

समुद्रापासून लांब असलेल्या बेळगाव, इंदूर, हैदराबादसारख्या शहरांत खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे आरओचं पाणी आणि बाजारात मिळणारं समुद्री मिठाचं मिश्रण. म्हणजे समुद्र घरातच तयार करायचा. तो बरोबर झाला की नाही हे चव बघून कळत नाही. मोजावंच लागतं.

पाणी उडतं, मीठ उडत नाही

सर्वसाधारण समुद्राच्या १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. यालाच ३५ पीपीटी क्षारता म्हणतात. आता १०० लिटरची टाकी धरू. ढोबळमानाने तिच्यात साडेतीन किलो मीठ आहे. आठवड्यात ५ लिटर पाणी उडून गेलं, तरी मीठ साडेतीन किलोच राहिलं. त्यावर ५ लिटर खारं पाणी ओतलं, तर १७५ ग्रॅम मीठ जादा जमा झालं. क्षारता ३६.७५. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं की ३८.५. खर्च फक्त पाण्याचा आणि जमा पाणी-मीठ दोन्हीची, असा हा व्यवहार आहे.

म्हणून पहिला नियम : उडालेल्या पाण्याची भर गोड्या, आरओच्या पाण्यानेच करायची. खारं पाणी फक्त टाकीतलं जुनं पाणी काढून बदलतानाच वापरायचं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत किंवा टाकीवर पंखा लावला असेल तर पाणी जास्त उडतं, तेव्हा ही भर रोज थोडी थोडी घातलेली बरी.

समुद्री मासा शरीरातलं पाणी सतत गमावतो, ते भरून काढायला समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्यामुळे थोडा फरक तो सोसतो. कोळंबी, शंख, तारामासा यांच्यातल्या बहुतेकांना असा तोल सांभाळता येत नाही. बाहेरचं पाणी जसं, तसं त्यांच्या शरीरातलं होत जातं. म्हणूनच चुकीचा पहिला फटका त्यांना बसतो.

तीन यंत्रं, तीन वेगळ्या गोष्टी

यातलं कुठलंच यंत्र थेट मीठ मोजत नाही. पाण्याच्या दुसऱ्या एखाद्या गुणावरून ते मिठाचा अंदाज बांधतं.

हायड्रोमीटर घनता बघतो. पाणी जितकं खारट, तितकं जड. ३५ पीपीटीला २५ अंश सेल्सिअसवर त्याचा आकडा १.०२६४ यायला हवा. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या डबीत हलणारा काटा असतो. त्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा जास्त दिसतो आणि क्षार साचून काटा जड झाला तर कमी. आकडा कमी दिसला की माणूस मीठ वाढवतो आणि फसतो. काचेच्या तरंगत्या हायड्रोमीटरवर तो कोणत्या तापमानासाठी बनवलाय ते लिहिलेलं असतं. ६० अंश फॅरनहाइटचा हायड्रोमीटर २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सोडला तर तो सुमारे ०.००२ ने कमी दाखवतो. म्हणजे जवळपास अडीच पीपीटीची चूक.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते बघतो. काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यातली रेघ वाचायची. तापमानाची दुरुस्ती आपोआप होते असं त्यावर लिहिलेलं असलं, तरी बहुतेक मॉडेलमध्ये ती १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. मे महिन्यात हैदराबादच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

तिसरा कंडक्टिव्हिटी मीटर. तो पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो. २५ अंशांवर ३५ पीपीटीच्या पाण्याला सुमारे ५३ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर असा आकडा येतो.

आरओवाला दाखवतो तो पेनासारखा टीडीएस मीटर मात्र इथं कामाचा नाही. साधा पेन ९,९९० पीपीएमपर्यंतच मोजतो आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरातलं. भरीचं आरओ पाणी तपासायला तो ठीक आहे.

शून्याला जुळवलं म्हणजे झालं का?

रिफ्रॅक्टोमीटरसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, शुद्ध पाण्याचा थेंब टाका आणि स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणा. बहुतेक जण तेवढंच करतात. खरी गोम इथंच आहे. बाजारातले बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. समुद्राच्या क्षारांत वजनाने सुमारे ८५ टक्केच सोडियम आणि क्लोराइड असतं. बाकी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. त्यामुळे प्रकाश वेगळा वळतो. असं यंत्र शून्याला अगदी बिनचूक जुळलेलं असलं, तरी त्यावर ३५ दिसतं तेव्हा टाकीतली क्षारता ३३.३ च्या आसपास असते.

उपाय सोपा आहे. तराजूचा पासंग बघतात तसं यंत्र ३५ पाशीच तपासायचं, कारण आपल्याला मोजायचंय तेही तिथंच. त्यासाठी ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं. घरी करायचं तर डिजिटल काट्यावर ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी, एकूण बरोबर १ किलो. या द्रावणात प्रकाश ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच वळतो. थेंब टाकायचा आणि रेघ ३५ वर आणायची. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचं, नाहीतर पाणी उडून द्रावणच बदलतं.

हेच द्रावण दुसऱ्या यंत्राला मात्र चालत नाही. हायड्रोमीटर तपासायला किलोमागे सुमारे ३७.१ ग्रॅम मीठ लागतं आणि कंडक्टिव्हिटी मीटरला ३२.९ ग्रॅम, कारण प्रत्येक यंत्राची मोजण्याची रीत वेगळी. स्वयंपाकघरातलं मीठ फक्त यंत्र तपासण्यापुरतं. टाकीत ते घालायचं नाही, त्यात माशांना लागणारे बाकीचे क्षार नसतात.

गोव्याहून कॅन भरून आणला तर?

समुद्राचंच पाणी आणलं की मोजायची गरज नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मांडवी-झुआरीच्या मुखाजवळ पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं आणि क्षारता खूप खाली जाते. मे महिन्यात चाललेलं तिथलं पाणी जुलैत चालेलच असं नाही. कॅन उघडल्यावर आधी मोजायचं, मगच टाकीत.

नवीन मिश्रण करतानाही घाई नको. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ वेगळ्या बादलीत टाकून, पंपाने काही तास ढवळत ठेवून, पूर्ण विरघळल्यावरच मोजायचं. मीठ तळाशी असताना घेतलेला आकडा कमीच येणार.

वाढलेलं मीठ उतरवताना

वरच्या उदाहरणातली ३८.५ झालेली टाकी ३५ वर आणायची तर सुमारे ९ लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं पाणी घालावं लागेल. पण एकदम नाही. रोज सव्वादोन लिटर, असे चार दिवस. दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त फरक पडू न दिलेला बरा. चुकीच्या पाण्याइतकाच अचानक बदलही जीव घेतो.

आणि शेवटी एक वही. तारीख, आकडा, पाण्याचं तापमान, किती लिटर भर घातली एवढंच लिहायचं. यंत्र दर वेळी तेच वापरायचं, थेंब पुसून कोरडं ठेवायचं, महिन्यातून एकदा ३५ च्या द्रावणावर तपासायचं. आकडा एकदम उडी मारताना दिसला तर मिठाच्या पिशवीला हात लावण्याआधी यंत्र तपासायचं. बऱ्याचदा टाकी बरोबर असते आणि यंत्रच चुकलेलं असतं.