बॉक्स बदलण्याआधी: चित्र आणि आवाजाबद्दलचे गैरसमज

टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग बॉक्सवर चित्र अडकलं की ‘नेट स्लो आहे’, आवाज आला नाही की ‘फाइल खराब आहे’, आणि दोन्ही झालं की ‘बॉक्स गेला’. ही तीन निदानं इतकी सर्रास होतात की लोक थेट नवा बॉक्स मागवतात. चांगला चालणारा बॉक्स असा अडगळीत जातो याचं वाईट वाटतं, कारण दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

सगळ्यात मोठा गोंधळ फाइलच्या नावापासून सुरू होतो. ‘कालची एमपी४ चालली, मग आजची का नाही?’ एमपी४ किंवा एमकेव्ही हा फक्त डबा आहे. आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. आतलं चित्र एच.२६४ या २००३ सालच्या कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत) असेल, २०१३च्या एचईव्हीसीमध्ये (म्हणजेच एच.२६५) असेल किंवा २०१८च्या एव्ही१मध्येही असेल. एचईव्हीसी साधारण त्याच दर्जाचं चित्र एच.२६४च्या जवळपास निम्म्या डेटात बसवतो, पण ते उलगडायला मेहनत जास्त लागते. त्यासाठी बॉक्सच्या चिपमध्ये वेगळं सर्किट असतं. त्या सर्किटला कोडेक ओळखता आला नाही, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. बॉक्स तापतो, चित्र मागे पडतं, आवाज पुढे जातो. त्यातही एक चकवा आहे. एच.२६४ चालवणाऱ्या बहुतेक चिपना त्याच एच.२६४चा १०-बिट (जास्त रंगछटांचा) प्रकार झेपत नाही. नाव तेच, पण फाइल अडते.

हे तपासणं अवघड नाही. कोडी या मीडिया प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं ‘ओ’ बटण दाबा. पडद्यावर डिकोडरचं (चित्र उलगडणाऱ्याचं) नाव येतं आणि त्यापुढे एचडब्ल्यू (हार्डवेअर, म्हणजे चिपमधलं सर्किट) किंवा एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर, म्हणजे मुख्य प्रोसेसर). एमएक्स प्लेअरमध्येही हीच अक्षरं वरच्या कोपऱ्यात दिसतात. ४के व्हिडिओ धक्के खातोय आणि तिथे एसडब्ल्यू लिहिलंय, तर इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरेसा मानतं. नेट खरंच कमी पडलं तर चित्र धुरकट होतं किंवा गोल चकरी फिरत राहते. आवाज सुरळीत आणि चित्र मात्र धक्के खातंय, असं असेल तर आधी डिकोडरवर संशय घ्यावा.

‘अपडेट टाकलं की नवे कोडेक येतात’ हा समज अर्धाच खरा आहे. चिपमध्ये एव्ही१चं सर्किट नसेल तर कुठलंही अपडेट ते बसवू शकत नाही. पण सर्किट असूनही परवान्याअभावी बंद ठेवलेलं असू शकतं. सुरुवातीच्या रास्पबेरी पायमध्ये डीव्हीडीच्या एमपेग-२चं सर्किट होतं, ते उघडायची किल्ली २०१२पासून २.४० पौंडांना वेगळी विकली जाई. कारण तांत्रिक नव्हतं. प्रत्येक बोर्डामागे परवान्याचे पैसे भरले असते तर बोर्ड महागला असता.

आवाजाच्या बाबतीत तर हा परवानाच बऱ्याचदा आडवा येतो. चित्र उत्तम आणि आवाज गायब, अशी फाइल पाहिली की आत डॉल्बीचा एसी३ किंवा ईएसी३, नाहीतर डीटीएस आहे का ते आधी पाहावं. ‘ईएसी३ सपोर्टेड नाही’ हा एमएक्स प्लेअरचा संदेश आपल्याकडे कितीतरी जणांनी वाचला असेल. परवान्याच्या कारणाने त्या अ‍ॅपमधून हे प्रकार काढले गेले. फाइल ठणठणीत असते. हीच फाइल व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये लावली की आवाज येतो, कारण व्हीएलसी स्वतःच ती उलगडतं.

टीव्हीही यात सामील असतो. सॅमसंगने २०१८च्या मॉडेलांपासून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२०मध्ये काढलं आणि २०२३मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. बॉक्सचं सेटिंग ‘पासथ्रू’वर असेल तर तो आवाज न उलगडता पुढे ढकलतो, आणि पुढच्याला ती भाषा येत नसेल तर खोलीत शांतता. अशा वेळी बॉक्सच्या ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएम (म्हणजे आधीच उलगडलेला आवाज) निवडा. सराउंड जाईल, पण संवाद ऐकू येतील.

साउंडबारवाल्यांचा एक गैरसमज महागात पडतो: ‘अ‍ॅटमॉससाठी ईआर्क पोर्ट हवाच.’ (अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीचा त्रिमितीय आवाज; आर्क म्हणजे टीव्हीतून साउंडबारला आवाज देणारा एचडीएमआय पोर्ट, आणि ईआर्क त्याची वाढीव आवृत्ती.) नेटफ्लिक्स, प्राइम यांचा अ‍ॅटमॉस ईएसी३वरच स्वार होऊन येतो, आणि तो साध्या आर्क पोर्टमधूनही जाऊ शकतो. ईआर्क लागतो तो ब्लू-रेच्या ट्रूएचडी या डॉल्बीच्या लॉसलेस आवाजासाठी. ऑप्टिकल केबलमधून मात्र यातलं काहीच जात नाही. तिथे साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस इतकीच धाव.

खोक्यावर ‘४के’ छापलंय म्हणून नेटफ्लिक्स ४केमध्ये दिसेल, हेही गृहीत धरू नका. त्यासाठी अँड्रॉइड बॉक्सला वाइडवाइन या कॉपी-संरक्षण यंत्रणेचा एल१ दर्जा आणि नेटफ्लिक्सची मान्यता लागते. स्वस्त, बिनमान्यतेच्या बॉक्समध्ये बहुधा एल३ असतो, आणि मग चित्र साध्या एसडी दर्जावरच थांबतं. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टलाही एचडीसीपी २.२ हे कॉपी-संरक्षण असावं लागतं. शिवाय कित्येक टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं वाढीव सिग्नलचं सेटिंग मुळात बंदच असतं. सोनी त्याला एन्हान्स्ड फॉरमॅट म्हणतं, सॅमसंग इनपुट सिग्नल प्लस. ते चालू केल्याशिवाय ४के एचडीआर पूर्ण क्षमतेने येत नाही.

महागड्या केबलने रंग खुलत नाहीत. सिग्नल डिजिटल आहे. केबल त्या वेगाला पुरली की पुरली. ४के ६० फ्रेमसाठी १८ जीबीपीएसची, प्रमाणित प्रीमियम हाय-स्पीड केबल घ्या आणि विषय संपवा.

एक उपाय फुकटचा आहे आणि तो फारच कमी लोक करतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, बॉक्स ६०ने चित्र पाठवतो. ६०ला २४ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरताना दृश्य अडखळतं. फायर टीव्हीत, अ‍ॅपल टीव्हीत आणि कोडीत मूळ फ्रेम रेटशी जुळवून घेण्याचं सेटिंग आहे. ते आजच चालू करा. आणि बॉक्सऐवजी तुमच्याकडे स्ट्रीमिंग स्टिक असेल आणि ती टीव्हीच्या यूएसबीवर चालत असेल तर ती सोबत आलेल्या अ‍ॅडॅप्टरला लावा. अपुऱ्या विजेमुळेही ती मध्येच रीस्टार्ट होते.

एवढं करूनही नवा बॉक्स घ्यावासा वाटला, तर दुकानदाराला रॅम विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा: एव्ही१ आणि १०-बिट एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये आहे का, वाइडवाइन एल१ आहे का, आणि डॉल्बी-डीटीएस पासथ्रू होतं का. उत्तर येत नसेल तर तो बॉक्स घेऊ नका.