म्तामा, म्हणजे आपली ज्वारीच

स्वाहिली भाषेत ज्वारीला 'म्तामा' म्हणतात. केनियात नव्याने आलेल्या मराठी माणसाला बाजारात ती लगेच ओळखू येते, पण तिचा पुढचा प्रवास मात्र अनोळखी वाटतो. आपल्याकडे ज्वारी कणगीतून गिरणीत आणि गिरणीतून तव्यावर जाते. इथे तिचा मोठा भाग ट्रकमध्ये चढून बिअरच्या कारखान्यात जातो. शेतकरी आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यात धान्य गोळा करून पोचवायचे, हा माझा धंदा. मंडळाच्या कार्यक्रमात हे सांगितले की ज्येष्ठांच्या भुवया जरा वर जातात. त्यांना मी सांगतो, मी धान्य विकतो, पुढचे कारखाना जाणे!

ज्वारीची बिअर ही आफ्रिकेत नवी गोष्ट नव्हे. घरोघरी ती पूर्वापार होतीच. कारखान्यात ती शिरली ती मात्र सरकारच्या तिजोरीमुळे. नायजेरियाने परकीय चलन वाचवण्यासाठी १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या कारखान्यांना मका व ज्वारीकडे वळावे लागले. अडचणी पुष्कळ होत्या. ज्वारीतला स्टार्च शिजायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, त्याची साखर करणारी एन्झाइम्स तिच्या माल्टमध्ये कमी पडतात, म्हणून ती बाहेरून घालावी लागतात. शिवाय बार्लीच्या दाण्याला टरफल असते, त्यातून रस आपोआप गाळला जातो. ज्वारीला ते नाही. या अडचणींवर उत्तरे सापडली आणि इतर देशांनाही वाट दिसली. युगांडात २००२ मध्ये 'ईगल' ही ज्वारीची बिअर आली.

केनियाची कथा जरा निराळी. २००० साली नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. २००४ मध्ये 'सिनेटर' नावाची स्वस्त, पिंपातून ग्लासात ओतून विकायची बिअर बाजारात आली. गरिबाला परवडेल असे सुरक्षित पेय मिळावे, म्हणून सरकारने तिच्यावरचे उत्पादनशुल्क माफ केले. पुढे तिच्यासाठी देशातल्याच शेतकऱ्यांची ज्वारी मोठ्या प्रमाणावर घेतली जाऊ लागली. कितुई, माकुएनी, थाराका हे कमी पावसाचे भाग. मका तिथे वरचेवर दगा देतो. तिथे 'गडाम' हे लवकर येणारे पांढरे वाण लावले की तीन महिन्यांत पीक हाती येते आणि घेणारा गिऱ्हाईक ठरलेला असतो.

गिऱ्हाईक ठरलेला असला तरी माल पसंत पडावा लागतो. कारखान्याला टॅनिन नको असते, कारण त्याने एन्झाइम्सचे काम अडते. नमुन्याचे दाणे ब्लीच आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वीसेक मिनिटे ठेवले की टॅनिनवाले दाणे काळे पडतात. एका गोणीत घरची लाल ज्वारी मिसळली असेल तर चोरी तिथेच उघडी पडते. गंमत अशी की टॅनिन नसलेला गोड दाणा कारखान्याइतकाच पाखरांनाही आवडतो. क्वेलिया नावाची चिमणीएवढी पाखरे इथे लाखोंच्या थव्याने उतरतात. एक पाखरू दिवसाला साधारण दहा ग्रॅम दाणे खाते, म्हणजे एक लाखाचा थवा दिवसाला एक टन. आपल्याकडे माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात, तशीच इथली पोरे शाळा बुडवून शेतात डबे वाजवत बसतात. ही मजुरी कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही.

खरा तंटा होतो तो ओलाव्यावरून. तेरा टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल घेत नाहीत आणि ते योग्यच आहे, नाहीतर बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन होते. पण सोळा टक्के ओलाव्याची हजार किलो ज्वारी तेरावर आणली, की वजन सुमारे ९६६ किलो भरते. चौतीस किलो पाणी उडाले, हे मला कळते. शेतात भरलेल्या गोण्या मोजणाऱ्या बाईला तो व्यापाऱ्याचा डल्लाच वाटतो. म्हणून आम्ही आता ओलावा मोजण्याचे यंत्र गावातच नेतो, तिच्यासमोर आकडा वाचतो आणि मगच वजन करतो. ताडपत्र्याही आम्हीच देतो, कारण मातीवर झोडपलेल्या धान्यात खडे येतात. एकदा एका कारखान्याच्या फाटकाशी आमचे दोन ट्रक पावसात तीन दिवस उभे होते. आत शिरेपर्यंत कोरडा माल ओला झाला होता, आणि मग ओला म्हणून परत पाठवला गेला. भाडे अर्थात आमच्याच माथी.

पण पाखरे, पाऊस आणि फाटक या तिन्हींपेक्षा भीती वाटते ती अर्थसंकल्पाची. २०१३ मध्ये सरकारने सिनेटरवरची सवलत काढून निम्मे शुल्क लावले. ग्लासाचा भाव चढला, खप कोसळला, ज्वारीची खरेदी आटली. ज्याने कारखान्याच्या शब्दावर पेरले, त्याचा नैरोबीतल्या करांशी काय संबंध? पण भुर्दंड त्याला पडला. २०१५ मध्ये बरीचशी सवलत परत मिळाली आणि २०१९ मध्ये किसुमूला बिअरचा कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांना जवळचे गिऱ्हाईक मिळाले. तरीही एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच करसवलतीवर उभे असलेले पीक मला सुरक्षित वाटत नाही.

त्यामुळे अलीकडे मी पीठवाल्या गिरण्यांच्या पायऱ्या झिजवतो आहे. इथे सकाळी 'उजी' पितात. आपल्या आंबिलीची सख्खी बहीण म्हणा ना. ज्वारी, नाचणी आणि मका यांचे तयार पीठ त्यासाठी पाकिटात मिळते. गिरणीवाले एका वेळी थोडाच माल उचलतात, भावात घासाघीस फार करतात, पण करसवलतीची वाट बघत नाहीत. शिवाय उजीला तांबूस रंग लागतो, म्हणून कारखान्याने नाकारलेली लाल ज्वारी त्यांना चालते, आणि तिला पाखरेही कमी लागतात. गेल्या हंगामात आमच्याकडच्या काही शेतकऱ्यांनी निम्म्या रानात गडाम आणि निम्म्यात लाल पेरली. दोन्हींच्या गोण्या वेगळ्या ठेवा, एवढे मात्र त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.